तुम्ही विचारलंत म्हणून: डोहाळे म्हणजे काय?

मी मराठी शिकवते, त्यामुळे कुणाच्या डोहाळजेवणाला गेले की हमखास प्रश्न येतो, "बाई, डोहाळे हा शब्द आला कुठून हो?" 'गरोदरपणी होणारी इच्छा' एवढ्यावर माझंच समाधान होत नाही.

संस्कृतात शब्द आहे दोहद. प्राकृतात त्याचा दोहल झाला आणि पुढं 'द'चा 'ड', जसं दंशावरून डसणं. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं. आता एका देहात दोन हृदयं, म्हणून ती बाई दौहृदिनी, आणि दोहद यातूनच आला असं मानतात. तिची इच्छा डावलली तर बाळात व्यंग येतं, असंही तिथं बजावलंय. हे आज कुणी मानणार नाही, पण त्या काळी बाईच्या मागण्याला केवढं वजन आलं असेल! काही अभ्यासक मात्र दौर्हृद हे मूळ मानतात, म्हणजे मन बिघडणं, मळमळणं. पहिले तीन महिने काढलेल्या बाईला तेही पटेल. मला दोन हृदयंच जवळची वाटतात. म्हणून कुणी 'भिकेचे डोहाळे' म्हटलं की वाईट वाटतं.

आणि हे डोहाळे पक्वान्नाचेच असतात असं नाही. कालिदासाच्या रघुवंश या काव्यात गरोदर सुदक्षिणा राणी माती खाते. दिलीप राजा एकांतात तिच्या तोंडाचा मातकट सुवास घेत राहतो, तरी त्याचं मन भरत नाही. आपल्याकडं पाटीवरची पेन्सिल चोरून खाणाऱ्या कितीतरी जणी आहेत. त्यांना हा श्लोक मी मुद्दाम सांगते.

माझ्या वेळी आम्ही सोलापुरात, पूर्व भागात भाड्यानं राहत होतो. शेजारच्या तेलुगू अक्का याला 'वेविळ्ळु' म्हणायच्या, समोरच्या कानडी काकू 'बयके'. सातव्या महिन्यात मला शेंगाचटणी हवी झाली, पण डब्यातली नको, समोर कुटलेली. कुटतानाचा तो वास हवा होता. भर दुपारी अक्कांनी काही न विचारता उखळ ओढलं. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, मीठ. मी उंबऱ्यात बसून बघत होते. दाण्यांना तेल सुटलं, मुसळाला चटणी चिकटायला लागली, तशी त्यांनी ती बोटानं निपटली, कडक भाकरीच्या तुकड्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "आधी हे खा, मग बाकीची कुटते."