अख्खी, मोडलेली, कुटलेली

बेडगी मिरची घेताना गिऱ्हाईक रंग पाहते, संकेश्वरी घेताना लांबी आणि सुरकुत्या पाहते, आणि लवंगीच्या पोत्याजवळ आले की मात्र हात आखडता घेऊन ‘पावशेर पुरे’ म्हणते. वर्षाची चटणी करण्याच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, गडहिंग्लजच्या किंवा कोल्हापूरच्या बाजारात हे दृश्य हमखास पाहायला मिळते. जहाल सुकी मिरची किती घालावी याचा विचार सगळेच करतात. ती कितपत मोडावी याचा विचार फार थोडे लोक करतात, आणि माझ्या मते तिच्या स्वयंपाकातले निम्मे कसब त्या मोडण्यातच आहे.

नीट वाळलेली लवंगी कानाजवळ धरून हलवली की आत बिया खुळखुळतात. देठ खुडून ती उभी चिरली तर आत फिकट पिवळसर, कागदासारखी पातळ झालेली शीर दिसते आणि तिला काही बिया अजून चिकटलेल्या असतात. तिखटपणाचा दोष आपण पिढ्यान्‌पिढ्या बियांवर टाकत आलो, परंतु कॅप्सेसिन नावाचे जे द्रव्य झोंबते ते तयार होते या शिरेत. बियांना ते केवळ सहवासाने लागते. त्यामुळे मिरचीचा जोर कमी करायचा असेल तर बिया झटकून भागत नाही, शीरही खरवडून काढावी लागते. ईशान्येकडची भूत जोलोकिया मात्र या उपायालाही दाद देत नाही, कारण तिच्या सालीच्या आतल्या बाजूलाही कॅप्सेसिनच्या सूक्ष्म पिशव्या असतात. गिनेस बुकाने 2007 साली जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून नोंदवली ती हीच, आणि तिचा आकडा होता 10,01,304 स्कोव्हिल. विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने 1912 मध्ये मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात उत्तरोत्तर पातळ करत नेऊन, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत तो किती पातळ करावा लागतो, यावरून ही मोजणी बसवली. पुढे तो विक्रम इतर मिरच्यांनी अनेकदा मोडला. पण या शर्यतींतल्या बहुतेक मिरच्या भाजीसाठी लावलेल्याच नसतात, म्हणून त्यांच्याविषयी मला फारसे कुतूहल नाही.

कॅप्सेसिनच्या दोन स्वभावगुणांवर पुढचा सगळा स्वयंपाक उभा आहे. ते शिजवल्याने नाहीसे होत नाही, त्यामुळे ‘उकळू दे, तिखट मरेल’ ही समजूत व्यर्थ आहे. आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात मात्र सहज विरघळते. मिरची घातल्यानंतर तिखटपणा कमी करणे आपल्या हाती फारसे उरत नाही. तो कुठे आणि किती वेगाने जावा, एवढेच ठरवता येते.

अख्खी मिरची हा त्यातला सर्वांत संयमी मार्ग. मोहरी तडतडली, हिंग पडला, की शेवटी देठासकट अख्खी सुकी मिरची फोडणीत टाकावी, ती फुगून तकतकीत झाली की लगेच वरण किंवा कढी ओतावी. साल शाबूत असल्यामुळे आतली शीर तेलाला भेटत नाही, आणि तेलात उतरतो तो मुख्यतः सालीचा भाजका, किंचित गोडसर वास. मिरची आधी टाकली तर मोहरी तडतडेपर्यंत ती काळी पडते आणि तो कडवटपणा मग कशानेही झाकत नाही. नागालँडमध्ये चुलीवरच्या धुरात वाळवलेली मिरची धुरावलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजते, तेव्हाही सगळ्या पातेल्याला एखाददुसरी पुरते. याच्या अगदी उलट टोक चीनमधल्या चोंगचिंगचे आहे, जिथे कोंबडीचे तळलेले बारीक तुकडे मूठमूठ सुक्या मिरच्यांच्या ढिगाऱ्यात पुरून वाढतात आणि जेवणाऱ्याने काड्यांनी तुकडे तेवढे शोधून खायचे असतात. ढीग पाहून छाती दडपते, पण मिरच्या तशाच ताटात उरतात. त्यांचे काम सुगंधापुरतेच असते.

मिरची मोडली की हिशेब बदलतो. दोन तुकडे करून फोडणीत टाकलेली एक लवंगी अख्ख्या तिघींना भारी पडते, आणि ती तेलात पडताच जो खकाणा उठतो त्याने शेजारच्या खोलीतला माणूसही खोकत बाहेर येतो. म्हणून जहाल मिरची मोडायचीच असेल तर ती भिजवून वाटणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कढत पाण्यात अर्धा तास भिजल्यावर तिची साल मऊ पडते, खोबरे आणि लसणाबरोबर ती लोण्यासारखी वाटली जाते, आणि भरड तिखटाचा एखादाच कण जिभेवर बसून घात करण्याचा प्रसंग येत नाही. मालवणी वाटणात बेडगीच्या मुठीबरोबर एखादी लवंगी याच रीतीने खपून जाते: रंग बेडगीचा, चटका लवंगीचा, आणि दोघींच्या मध्ये ओल्या खोबऱ्याचे दूध.

तेलबिया आणि सुकी मिरची यांचे सख्य तर जगभर दिसते. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ प्रांतात साल्सा माचा नावाचा प्रकार करतात. सुक्या तिखट मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तेलात मंद आचेवर परतायचे, भरड वाटायचे आणि त्याच तेलात मुरवून ठेवायचे. मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुजलेले; आणि सोलापूरकडे उखळात कुटून कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी पाहिली की इतक्या दूरच्या दोन स्वयंपाकघरांनी एकच तोडगा काढला आहे हे ध्यानात येते. शेंगदाण्याचे तेल कॅप्सेसिन आपल्यात ओढून घेते, तिखटपणा घासभर सारखा पसरतो, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ती चटणी जितकी झोंबायला हवी तितकीच झोंबते. मिक्सरमध्ये तेल न सुटता केलेली कोरडी भुकटी या चटणीच्या नावाने विकली जाते, तिच्याविषयी न बोललेले बरे.

कुटणे ही शेवटची पायरी, आणि इथे परतीचा रस्ता नाही. कांदा-लसूण मसाल्यासाठी मिरच्यांना कडक ऊन देतात, तेलाचा हलका हात फिरवून त्या परततात, धने, तीळ, खसखस, सुके खोबरे आणि गरम मसाला वेगवेगळा तळून घेतात, वाळवलेला कांदा कुरकुरीत तळतात, आणि हे सगळे कांडपावर जाते. तेलाच्या त्या हाताने रंग टिकतो आणि कुटताना धूळही कमी उडते. खोबरे, तीळ आणि खसखस यांचे तेल कुटतानाच तिखटात मुरत असल्यामुळे हा मसाला नुसत्या लाल तिखटापेक्षा पुष्कळ सौम्य वागतो, जरी त्यात लवंगी सढळ पडलेली असली तरी. बरणीत तो दाबून भरायचा आणि वर हिंगाचे खडे ठेवायचे. तांबड्या रश्श्यावर जी तर्री तरंगते ती याच तेलाची. ती चमच्याने बाजूला सारून खालचा रस्सा वाढला तर लहान मुलांनाही चालतो, आणि ज्यांना हवी त्यांच्यासाठी ती वर असतेच.

रश्श्याविषयी आणखी एक गोष्ट. तोंडातल्या ज्या ग्राहीला, म्हणजे मज्जातंतूंवरच्या संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, कॅप्सेसिन चेतवते, तीच सुमारे 43 अंशांवरची उष्णताही ओळखते. डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले त्यात या ग्राहीच्या शोधाचा मोठा वाटा होता. रस्सा उकळता वाढला की मिरची आणि आच एकाच दारावर थापा मारतात. तोच रस्सा थोडा निवू दिला की खाणाऱ्यांच्या कपाळावरचा घाम निम्मा होतो. पाहुणे तिखटाला बुजणारे असतील तर मी गोडेतेल किंवा मीठ वाढवण्याच्या भानगडीत पडत नाही, पातेल्याचे झाकण लवकर काढतो. मिरच्या खुडून हातांची आग होत असेल तर आधी खोबरेल तेल चोळावे आणि मगच साबण लावावा. नुसत्या पाण्याने ती आग उलट तळहातभर पसरते.

जेवताना तोंड पोळले तर दुधा-दह्याला पर्याय नाही, कारण त्यातले केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून सोडवते, आणि हे आपल्याकडच्या बायकांनी सांडगी मिरचीत केव्हाच अमलात आणले आहे. हिरव्या मिरच्यांना चीर देऊन त्यांत धने, मेथी, हिंग आणि मीठ भरायचे, काही घरांत त्या आंबट ताकात बुडवायच्या, आणि कडकडीत वाळवायच्या. सुकी मिरची काळपट होईपर्यंत मुद्दाम तळावी असा माझ्या माहितीतला हा एकच प्रकार. ती पानाच्या कडेला घेऊन तोंडी लावण्याची पद्धत सर्रास आहे, पण मला ती पटत नाही. सांडगी मिरची तळणीच्या चमचाभर तेलासकट दहीभातात कुस्करावी, आणि दही सायीचे असावे.