आमचे रिकामपणाचे धंदे

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

या आठवड्यात शेतीची लाईन रातची आहे, म्हणून आमचे हे जेवण करून टॉर्च अन् काठी घेऊन वावरात गेले गव्हाले पाणी द्यायला, पोरं झोपली, अन् मी लिहायला बसली. आज मैत्रिणीच्या घरी जे काही झालं ते लिहून ठेवते, नाहीतर चार दिवसानं मलाच आठवणार नाही का हळद कशात कालवली होती अन् चुना किती टाकला होता.

पहिले हिच्याबद्दल. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण, माहेर एक अन् नशिबानं सासरही एकाच गावात (असं सहसा होत नाही, आमच्या आयांनी मिळून काय कट केला होता देव जाणे). ती घरी ब्लाऊज शिवते, लग्नसराईत आरी वर्क करते, माझं स्टँडवर झेरॉक्स अन् ऑनलाईन फॉर्मचं दुकान. मागच्या पावसाळ्यापासून आम्ही दोघी मिळून चित्रं काढून राहिलो. चित्रं म्हणजे काय, जे हाताला येईल ते. एक वही आहे, म्हणजे दुकानातल्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, त्याला तिनं मशीनवर मधोमध जाड टीप मारून दिली. लोकांच्या आधारच्या अन् सातबाराच्या बिघडलेल्या झेरॉक्सा आम्ही घेत नाही, त्या मी फाडूनच टाकते, पण कोरे जुने अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिकांच्या तिरप्या निघालेल्या प्रिंटा, हे सगळं चालते. त्यामुळं पानाच्या एका बाजूला 'रिकाम्या जागा भरा' अन् दुसऱ्या बाजूला आमचं माकड.

वही एका घरी मुक्काम करत नाही. बाजाराच्या दिवशी माझ्याकडून तिच्याकडं जाते, मग तिचा पोरगा कधी पेन्सिल घ्यायला दुकानात आला का परत येते. मुख्य नियम हा का दुसरीनं काढलेल्या पानावर काहीतरी भर घालायचीच, मग एक टिंब का असेना. कोरं पान समोर असलं का माझा हात चालत नाही, पण तिनं अर्धवट बैल काढून पाठवला तर त्याला शेपूट तं लावावंच लागते ना, बिचारा कसा उभा राहील.

गंमत म्हणजे आमच्या दोघींत चित्रकला येते तिला. शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दोघींनी सोबतच दिली होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती अन् अक्षरलेखन, सगळे पेपर आठवतात. वस्तुचित्राला टेबलावर बादली, तिच्यावर वाकडा टाकलेला टॉवेल अन् बाजूला दोन वांगी, स्मरणचित्राला आठवडी बाजार, त्यात मी सगळ्या बाया पाठमोऱ्या काढल्या कारण चेहरे जमत नव्हते. तिला अ ग्रेड भेटला अन् मला क. पुढं ती इंटरमिजिएटलाही बसली, तवा त्याचे काही आतासारखे दहावीला वाढीव मार्क नव्हते, हौस म्हणून बसली. अन् लग्नानंतर एक रेघ नाही. मी मात्र गिऱ्हाईक नसलं का बिलबुकाच्या मागं काहीबाही गिरगिटत राहायची. मी पहिल्यांदा तिला वही दिली तं ती पेन्सिल धरून नुसती बसून राहिली. म्हणे, "आता हात बसला नाई वं माहा. पयले कशी सफाई होती." मला कधी सफाई नव्हतीच, त्यामुळं जायचा प्रश्न नाही! जिला ग्रेड भेटला तिलाच भेव जास्त, हे तवा समजलं.

म्हणून मग आम्ही घडीचं भूत सुरू केलं. हे मी मोबाईलवर वाचलं होतं, शंभर एक वर्षाआधी, 1925 च्या आसपास, पॅरिसमधले कवी अन् चित्रकार रात्री जमून हा खेळ खेळायचे, आंद्रे ब्रतों, इव्ह तांगी वगैरे मंडळी, पुढं त्यातले कितीतरी जण जगभर नावाजले. कागदाला आडव्या दोन घड्या घालायच्या, म्हणजे तीन भाग होतात. एकीनं वरच्या भागात डोकं काढायचं अन् मानेच्या रेघा घडीच्या खाली कणभर उतरवून द्यायच्या, मग डोकं झाकलं जाईल असं दुमडून दुसरीकडं सरकवायचं. तिला फक्त त्या दोन रेघा दिसतात, ती तिथून धड काढते, पुन्हा घडी, मग पाय पहिलीचे. उघडल्यावर जे निघेल ते. आमचं पहिलं भूत असं निघालं का डोकं म्हशीचं (मी), धडाला बोटनेकचा ब्लाऊज, त्याला पाइपिंग अन् पाठीला लटकन (ती, दुसरं कोण), अन् खाली ट्रॅक्टरची चाकं (मी). दोघी इतक्या हसलो का तिची सासू आतून पाहायला आली का झालं काय पोरींना.

या खेळात सफाईचा प्रश्नच उरत नाही. मान कितीही सुबक काढा, खाली काय चिकटणार ते आपल्या हातात नाही. ती मस्त सुटली त्यात. माझ्या म्हशीच्या मानेला तिनं एकदा असा काही नऊवारीचा पदर लावला का मी तं पाहतच राहिली, निऱ्या अन् निऱ्या मोजून घ्या. मी "वा" म्हणणार होती पण आमच्यात छान म्हणायची बंदी आहे. तिनंच घातली. म्हणे छान म्हटलं का पुढच्या वेळेस पुन्हा छान काढा लागते. मग म्हणायचं काय? "पुढं काय झालं त्याचं?" एवढंच विचारायचं. म्हशीचं पुढं काय झालं, तं ती ग्रामसभेत गेली. असं.

नेटवर ते इंकटोबर असते, ऑक्टोबरमध्ये रोज शाईचं एक चित्र, जेक पार्कर नावाच्या अमेरिकन चित्रकारानं 2009 मध्ये सुरू केलेलं. माझ्या भाच्यानं लिंक पाठवली होती, मावशी तुम्ही दोघी करा म्हणून. बापा, ऑक्टोबरात आमच्याकडं सोयाबीन निघून राहते, कापसाचा पहिला वेचा येते, दिवाळी तोंडावर, ब्लाऊजवाल्या बाया तिच्या दारात बसलेल्या. अन् रोज म्हटलं का एक दिवस चुकला का मनाला रुखरुख. त्यांचं त्यांना लखलाभ. आमची वही दिवाळीत पंधरा दिवस तिच्या मशीनखाली चिंध्यांत पडली होती, कोणाचं काय बिघडलं.

लोकांचा मात्र भलताच जीव जळते. सासूबाई म्हणतात रांगोळी स्पर्धेत तरी टाक, कुकर भेटन. भाचा म्हणते रील काढा. दुकानात एक मॅडम येतात त्यांनी वही पाहिली (मी काउंटरवर विसरली नव्हती, त्यांनीच उचलली), तं म्हणे याचे बुकमार्क करून बचत गटाच्या स्टॉलला ठेवा, जातील. मनानं चांगल्याच आहेत बाई. पण जिथं तिथं 'जातील' कायले पाहिजे? तिचा ब्लाऊज दिवसभर मापात असते, एक सूत इकडंतिकडं झालं का बाई वापस आणून देते. माझ्या फॉर्ममध्ये एक स्पेलिंग चुकलं का माणसाचा हप्ता अटकते. दिवसभर मापातच तं राहतो आम्ही.

अन् हे एकदा आमच्यातही घुसलं होतं. जानेवारीत तिनं वहीतली एक वेल उचलली, कपाशीचं बोंड फुटलेलं अन् त्याच्या बाजूनं पातं, फूल, ती एका नवरीच्या ब्लाऊजच्या बाहीवर आरीनं भरली. सुंदर झाली, खोटं कायले बोलू. बोंडाचा कापूस तिनं पांढऱ्या मोत्यांनी भरला होता, अन् बोंडाच्या सुकलेल्या फाकी तांब्याच्या रंगाच्या जरीनं, हुबेहूब वेचणीच्या वेळेस बोटाला टोचतात तशा टोकदार. ते पाहून आणखी दोन ऑर्डरी आल्या. मलाही आनंद झाला, तिचे पैसे होतील. पण मग वही माझ्याकडं यायची तं त्यात नुसत्या बाह्या अन् गळे. बुट्टी, जाळ, बॉर्डर. सगळं सफाईदार. मी त्यात भर काय घालू, हात लावायला भेव वाटे का हिचं डिझाईन खराब होईन. वही हळूहळू थंड पडली. कोणी काही बोललं नाही, पण पडली.

मग एक दिवस मीच एका पानावर तिच्या सुबक बाहीतून हात काढला, त्या हाताला सहा बोटं अन् एका बोटावर मोठ्ठा मस. पाठवून दिली. मनात धाकधूक, का आता ही बाई रागावते. रात्री व्हॉइस मेसेज आला, पयले दहा सेकंद नुसतं हसणं, मग "थांब, दावतो तुले." तवापासून भद्द्या चित्राची शर्यत लागते आमची. जिचं जास्त भद्दं तिला चहा दुसरीनं करून द्यायचा. अन् गिऱ्हाईकाच्या डिझाईनसाठी तिनं वेगळं रजिस्टर केलं, शंभर पानी, त्याला मी कव्हर घातलं. त्याचे पैसे तिचे, ते तिचं काम. हे दुसरं. दोन्ही एका वहीत मावत नाही, आमचं तरी मावलं नाही. शहरातल्या आर्टिस्ट लोकांचं मावत असेल.

भद्दं काढायला सोपं नसते बरं का. तिचा हात आपोआप गोलाई घेते, तिनं भद्दं म्हणून काढलेलं कुत्रंही लाडकंच दिसते. चहा जास्त वेळा मलाच भेटते.

एक आठवलं. बचत गटाची सहल गेली होती सेवाग्रामला, दोघीही होतो. तिथं बापू कुटीत मातीच्या भिंतीवर मिराबेननं उठावाची झाडं काढलेली आहेत, ओम आहे, चरखा आहे. मिराबेन म्हणजे इंग्रज बाई, ॲडमिरलची पोरगी, अन् बसली मातीत हात घालून. बाकी बाया गाईडच्या मागं पुढं गेल्या अन् ही तिथंच अटकली. म्हणे, "पाह्य ना, बोटानं दाबलं हाय नुसतं. माह्या आजीनं चुलीमागं अशेच मोर काढले होते, पुढच्या सारवणात बुजले बी." आजीचे मोर दर सणाला बुजायचे अन् आजी दर सणाला नवे काढायची, त्यात तिला काही वाटत नसे म्हणे. माझ्या डोक्यात ते बसलं.

तर आजचं. होळी जवळ आली म्हणून पोरांसाठी पळसाची फुलं आणली होती धुऱ्यावरून. उकळली का पिवळं-केशरी पाणी सुटते, त्यात चिमूटभर चुना टाकला का रंग चढते, गडद केशरी होते. ते करता करता चुन्याची डबी समोरच होती, अन् हिच्या डोक्यात काय आलं, हळद पाण्यात कालवून तिनं पाठकोऱ्या कागदाला पुसली, चिंधीनं, ब्लाऊजच्या अस्तराच्या. शाळेत विज्ञानाच्या सरांनी करवून घेतलं होतं ना हे, हळदीचा कागद अन् साबण. वाळवला उन्हात. मग चुन्याची निवळी घेतली वाटीत अन् नीमाच्या काडीचं टोक चावून त्याचा ब्रश केला. निवळी पाण्यासारखीच, काडीवर काही रंग दिसत नाही, पण कागदाला टेकली रे टेकली का तिथं लाल रेघ उमटते, कुंकवासारखी, अन् कडा थोड्या पसरतात. दोघी येड्यासारख्या पाहत राहिलो. माहीत असून.

तिनं कोंबडा काढला. मग मला लिंबाची फोड भेटली, भाजीतली उरलेली, ती मी कोंबड्याच्या तुऱ्यावर फिरवली तं तुरा गायब! पुन्हा पिवळं. म्हणजे खोडरबर. आंबट लागलं का हळद मूळ रंगावर येते. मग काय, ती काढे अन् मी खोडे, तिनं तुरा काढला मी पाय खोडले, तिनं पाय काढले मी चोच खोडली, दोन मोठी माणसं पोरांसारखी भांडून राहिलो ओट्यावर. तिचा पोरगा म्हणे आई मले दे, तं ही म्हणते थांब रे, मोठ्यांचं काम चालू हाय. कागद शेवटी भोक पडेपर्यंत घासला. कोंबड्याचं काय उरलं तं एक डोळा अन् अर्धी शेपटी.

हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, पळसाचाही नाही, आठ-पंधरा दिवस खिडकीत ठेवला का फिक्का. तिला मी म्हटलं तं म्हणे बरंच हाय, वही भरली का त्याच पानावर दुसरं काढता येते.

आता टिकाऊ काळा रंग करून पाहायचा आहे. बाभळीच्या शेंगा उकळून त्या पाण्यात गंजके खिळे टाकून ठेवायचे, कागदावर पहिले राखाडी दिसते अन् वाळता वाळता काळं होत जाते. खिळे आमच्या गोठ्यात पाहिजे तेवढे आहेत. शेंगा ती आणणार. तिचं म्हणणं हे पाणी ब्लाऊजच्या कपड्यावरही चाललं पाहिजे, मी म्हटलं रजिस्टरात लिही ते, इथं नको. हो म्हणाली, पण लगेच एक चिंधी बाजूला ठेवलीच, मी पाहिलं.

हे लिहिता लिहिता तिचा मेसेज आला, अजून जागी आहे ही: "उद्या दुकानातून कागद आणजो जास्तीचे. आन लिंबू तुह्याकडचं आण, इथं बाजारात दहाले दोन झाले, कोंबडे खोडाले परवडत नाई."