रविवारी ऊन आहे, म्हणूनच काळजी

आईने फोनच्या वेदर ॲपमध्ये अमेरिकेतलं आमचं गाव टाकून ठेवलंय. रोज सकाळी चहा घेता घेता ती ते उघडते, आमच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, आणि मग फोन येतो. काल आला तेव्हा आवाजच वेगळा. "अगं शुक्रवार-शनिवार नुसता बर्फ दाखवतायत तुमच्याकडे, घरात सामान भरलंस का, आणि जावईबापूंना सांग गाडी काढू नका." मग जरा थांबून तिने स्वतःच स्वतःची समजूत घातली, "पण रविवारी छान सूर्य दाखवलाय हं. चला, सुटलात."

मी नुसतं हं म्हटलं. फोनवर काय काय सांगणार? माझा इथला हा चौथा हिवाळा आणि पहिल्या हिवाळ्यात मीही हेच धरून चालले होते, की ढगातून पांढरे ठिपके पडताना दिसले की वाईट आणि पिवळा गोळा दिसला की चांगलं. आता सगळं उलटं झालंय. बर्फाच्या चित्राचं मला काही वाटत नाही, त्याच्या पुढच्या दिवसाचा तो पिवळा गोळा बघितला की मी उठून किचनच्या सिंकखालचं कपाट उघडते. का ते आज लिहितेच, म्हणजे आईलाही लिंक पाठवता येईल.

तर गाव गनिसन, कोलोरॅडोत, डेन्व्हरपासून गाडीने चारेक तास. उंची साधारण ७,७०० फूट. मध्ये मॉनार्क पास नावाचा घाट लागतो तो ११,३१२ फुटांवर, त्यामुळे वादळ आलं की आमचा डेन्व्हरशी संबंध त्या घाटाच्या मर्जीवर. घाटात ट्रॅक्शन लॉ लागू झाला असला तर गाडी चारही चाकांना जोर देणारी किंवा टायर बर्फात चालणारे असावे लागतात, नाहीतर चाकांना गुंडाळायच्या चेन लागतात, नसतील तर पोलिसांच्या आधी घाटच अडवतो.

आणि गंमत म्हणजे खुद्द आमच्या गावात बर्फ तसा बेताचाच पडतो. उत्तरेला पाऊण तासावर क्रेस्टेड ब्यूट आहे, स्कीवाल्यांचं गाव, तिथे कितीतरी जास्त. पश्चिमेकडून दमट हवा येते ती डोंगरावर चढते, चढताना गार होते आणि तिच्यातला बर्फ तिकडे वरच पडून जातो, आमच्यापर्यंत येते ती बरीचशी निथळलेली हवा. त्यामुळे टीव्हीवर "डोंगराळ भागात दोन फूट" असं ओरडत असतात तेव्हा आमच्या अंगणात चार-पाच इंच पडलेला असतो, तोही इतका कोरडा आणि हलका की पायरीवरचा झाडूने झाडता येतो. साधारण बर्फाचे दहा इंच वितळले तर इंचभर पाणी होतं असा ढोबळ हिशोब आहे, पण आमच्याकडच्या या भुरभुरीत बर्फाचे पंधरा-वीस इंच लागतात तेवढ्याच पाण्याला.

मग लोक घाबरतात कशाला? तर बर्फ थांबल्यावर जे होतं त्याला.

गाव बशीच्या तळाशी बसल्यासारखं आहे. ईस्ट आणि टेलर या दोन नद्या वर अल्मॉन्टला मिळतात आणि तिथून गनिसन नदी होते, शिवाय ओहायो क्रीक आणि टोमिची क्रीक आपापल्या दऱ्यांमधून इथेच उतरतात. पाणी उतरतं त्याच वाटेने गार हवाही उतरते, कारण गार हवा जड. ढग असले तर ते गोधडीसारखे वर असतात, जमिनीची ऊब धरून ठेवतात, आणि वारा असला तर हवा ढवळली जाते. पण वादळ गेलं, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ झालं, वारा पडला आणि खाली ताज्या बर्फाचा थर, की संपलंच. बर्फाखाली जमिनीची ऊब अडकून राहते, वरचा बर्फ रात्रभर उष्णता आकाशात फेकत बसतो, त्याला टेकलेली हवा गार होते, ती घरंगळत खाली येते आणि आमच्या बशीत साठत जाते. पहाटेपर्यंत उणे पंचवीस फॅरनहाइट, म्हणजे आईच्या ॲपमध्ये उणे बत्तीस सेल्सिअस. त्याच पहाटे क्रेस्टेड ब्यूटला, आमच्यापेक्षा हजारेक फूट वर असून, आमच्याहून बरं असू शकतं. डोंगर चढला की थंडी वाढते हे शाळेत शिकलेलं इथे पहाटेच्या वेळी उलटं होतं.

आमच्याच काउंटीत वर टेलर पार्क नावाचं खोरं आहे, तिथे १ फेब्रुवारी १९५१ ला उणे ६० फॅरनहाइट नोंदलं गेलंय. राज्याचा विक्रम नंतर मेबेल नावाच्या गावाने मोडला, उणे ६१, तोही १ फेब्रुवारीलाच, १९८५ मध्ये. हे कळल्यापासून ती तारीख आमच्या घरात जरा बदनामच आहे.

फॅरनहाइटवरून आठवलं. पहिल्या महिन्यात कुणीतरी सहज म्हणालं, उद्या सकाळी टेन असेल. मी म्हटलं दहा म्हणजे काय, एक स्वेटर घातला की झालं, आणि ओल्या केसांनी बाहेर पडले. टेन फॅरनहाइट म्हणजे उणे बारा. बस स्टॉपपर्यंत पोचेस्तोवर केसांच्या बटा कडक झाल्या होत्या, हाताने हलवल्या तर बांगड्यांसारख्या वाजायच्या, खोटं नाही सांगत. श्वास आत घेतला की नाकातले केस एकमेकांना चिकटतात, तो अनुभव शब्दांत सांगणं अवघड आहे आणि सभ्यही नाही. तेव्हापासून मी नाकावरूनच तापमान सांगते. बूटही सांगतात, साध्या थंडीत बर्फ पायाखाली मऊ दबतो पण कडाक्यात तो करकरतो, नवी चप्पल करकरावी तसा.

आता फोरकास्ट कसा वाचायचा ते. आमचा भाग नॅशनल वेदर सर्व्हिसच्या, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याच्या, ग्रँड जंक्शन ऑफिसकडे येतो. त्यांच्या नकाशावर आपल्या घरावर बोट ठेवलं की त्याच जागेचा अंदाज येतो, आख्ख्या जिल्ह्याचा नाही, आणि डोंगरात याची फार गरज असते कारण पाच मैलांवर दुसरंच हवामान असतं. विंटर स्टॉर्म वॉच म्हणजे शक्यता आहे, लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे येतंय किंवा आलंच. थंडीसाठी पूर्वी विंड चिल वॉर्निंग म्हणायचे, ते ऑक्टोबर २०२४ पासून एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग झालं, आणि माझ्या मते फार बरं झालं, कारण विंड चिल ऐकलं की लोकांना वाटायचं वारा नाही ना, मग ठीक आहे. वाऱ्याने फरक पडतोच, शून्य फॅरनहाइटला ताशी १५ मैलांचा वारा असला तर अंगाला उणे १९ सारखं लागतं आणि उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते. पण आमच्या गावातली सगळ्यात वाईट थंडी येते ती पान हलत नसताना.

मला सगळ्यात आवडतं ते फोरकास्ट डिस्कशन, म्हणजे अंदाज काढणाऱ्या माणसांनी स्वतः लिहिलेला मजकूर. अमेरिकन कॉम्प्युटर मॉडेल काय म्हणतंय, युरोपियन काय म्हणतंय, आमचा विश्वास कशावर आणि का, सगळं सरळ लिहिलेलं असतं. ॲपमधलं चित्र कधी म्हणत नाही की मला खात्री नाही, ही माणसं म्हणतात. मी त्यात हिमाचे इंच बघतच नाही, ढग कधी हटणार तेवढं शोधते. शनिवारी दुपारी हटले तर वाईट, कारण पूर्ण लांबच्या लांब रात्र मिळते गार व्हायला. रविवारी पहाटे हटले तर थोडक्यात वाचलो.

हे शहाणपण फुकट नाही आलं. पहिल्या हिवाळ्यात बर्फ थांबला, आम्ही दोघांनी अंगण साफ केलं, फोटो काढले, आईला पाठवले आणि गाढ झोपलो. सकाळी किचनचा नळ उघडला तर त्याने एक सुस्कारा टाकला, दोन थेंब आले आणि बंद. सिंक उत्तरेच्या भिंतीला आहे, पाइप त्याच भिंतीतून येतो. घरमालकीण आजी शेजारीच राहतात, ऐंशीच्या आसपासच्या, त्या हेअर ड्रायर घेऊन आल्या, आधी नळ उघडा ठेवायला लावला, मग नळाच्या बाजूने सुरुवात करत मागे मागे पाइप शेकत गेल्या. पाऊण तासाने नळ खोकला आणि पाणी आलं. पाइप फुटला नव्हता हे नशीब. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, आणि गोठलेला बोळा आणि बंद नळ यांच्या मधे जे पाणी अडकतं त्याचा दाब वाढून पाइप फुटतो, म्हणून रात्री नळाची बारीक धार सोडून ठेवायची, म्हणजे दाब निघून जातो, आणि सिंकखालचं कपाट उघडं ठेवायचं, म्हणजे घरातली ऊब पाइपपर्यंत पोचते. आजी जाताना म्हणाल्या, "बर्फ पडतो तेव्हा झोप गं बाई. थांबला की जागी राहा."

नवऱ्याला स्कीइंगचं वेड लागलंय, त्याचा वेगळा अभ्यास चालतो, कोलोरॅडो ॲव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचा (ॲव्हलांच म्हणजे डोंगरावरून बर्फ कोसळणं) एक ते पाच असा धोक्याचा आकडा बघितल्याशिवाय तो डोंगराकडे फिरकत नाही. तिथेही व्हिलन थंडीच निघाली. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा पातळ थर पडतो आणि वर कडाक्याच्या रात्री लागतात, तेव्हा जमिनीलगतच्या बर्फाची साखर होते, अक्षरशः साखरेसारखे सुटे दाणे. पुढचा सगळा बर्फ त्या साखरेवर रचला जातो आणि मग कधीतरी सगळं एकदम सुटतं.

आज गुरुवार. मघाशी डिस्कशन वाचलं, ढग शनिवारी दुपारी हटणार म्हणतायत, रविवारी पहाटे उणे २४ फॅरनहाइट. गाडीचा ब्लॉक हीटर चालतोय का बघून झालं, तो इंजिन गरम ठेवतो, पण त्याची वायर बर्फात पुरली गेली तर सकाळी फावड्याने शोधावी लागते, म्हणून ती आरशाला गुंडाळून ठेवलीये. शनिवारी संध्याकाळी आजींकडे एक चक्कर मारायची आहे, त्यांच्या सिंकखालचं कपाट घट्ट बसतं, त्यांना वाकून उघडता येत नाही.

आणि आई, तुझा रविवारचा फोन जरा उशिरा कर. रात्रभर दर दोन तासांनी उठून नळाची धार बघणार आहे, उन्हात झोपू दे.