दहा गुंठ्यांचं गणित : कृषी सखी होताना

कृषी सखीच्या प्रशिक्षणाला नाव दिलं तेव्हा घरात एकच प्रश्न आला, पगार किती? पगार नाही, कामाप्रमाणे मानधन, हे ऐकल्यावर विषय तिथंच संपला. आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजाराच्या पट्ट्यात. इथं कपाशी आणि मक्याच्या एका कोपऱ्यात विहिरीजवळ पाच-दहा गुंठे मिरची, वांगी, गवार असतेच, आणि तो कोपरा बहुतेक घरांत बायकाच बघतात. २०२३ साली केंद्राच्या कृषी आणि ग्रामविकास मंत्रालयांनी करार करून बचत गटातल्या बायकांना शेतीच्या सल्लागार, म्हणजेच कृषी सखी म्हणून तयार करायचं ठरवलं. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. आमच्याकडं ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांतून नावं गेली, त्यात माझं.

वर्गातलं शिक्षण जसं असतं तसं होतं. पडद्यावर चित्रं, दुपारी डुलक्या. खरं शिकायला मिळालं ते शिवारात. मातीचा नमुना घ्यायचा म्हणजे कुठूनतरी ओंजळभर माती उचलायची नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेचा दोन बोटं जाड काप घमेल्यात टाकायचा. सगळी माती कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. बांधाकडची, उकिरड्याजवळची, झाडाखालची माती नको. गंजकं खुरपं तर नकोच, लोहाचा आकडा फसतो. माती वाळवायची ती सावलीत.

गाडी अडली ती माती तपासणीच्या कार्डावर. मृदा आरोग्य कार्डाची योजना २०१५ ची, त्यात बारा गोष्टी तपासल्या जातात. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत बागायतीला अडीच हेक्टरमागं एक नमुना, असं ठरलं होतं. आता अडीच हेक्टरच्या चौकटीत आमचा वांग्याचा तुकडा कुठं सापडायचा? वर्षानुवर्षं शेणखत आणि विहिरीचं पाणी खाल्लेली ती जमीन, तिचा आकडा कपाशीच्या आकड्यात मिसळून जातो. शिवाय कार्ड सातबाऱ्यावरच्या माणसाच्या नावानं येतं. ज्या बाईनं तिथं रोज वाकून खुरपलं, तिच्या हातात ते पडतच नाही. म्हणून भाजीच्या तुकड्याचा नमुना वेगळाच द्यायचा, हा हट्ट मी पहिल्यापासून धरला.

दुसरी अडचण हिशोबाची. कार्डावरची खताची शिफारस हेक्टरी किलोत, खत ५० किलोच्या गोणीत आणि जमीन गुंठ्यात. हेक्टर म्हणजे जवळपास १०० गुंठे, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे. समजा हेक्टरी ५० किलो स्फुरद, म्हणजे फॉस्फरस सांगितलंय. दहा गुंठ्यांना झालं ५ किलो. डीएपी या खतात स्फुरद ४६ टक्के, म्हणजे डीएपी लागतं ११ किलो. आणि टाकतात किती? अख्खी गोणी, कारण दुकानात गोणीच मिळते! जादा स्फुरदानं पिकाला जस्त मिळेनासं होतं, मग जस्ताची बाटली आणायला पुन्हा त्याच दुकानात. माझ्या मते आमच्या भाजीच्या जमिनीचं निम्मं दुखणं या गोणीच्या मापात आहे. प्रशिक्षणात यावर अर्धा तासही दिला नाही, याचा मला राग आहे.

सरावासाठी गावातली काही शेतं घ्यायची होती. शेजारचे मामा म्हणाले, “सूनबाई, माती तपासून काय व्हतंय? आधी पाऊस तपासून आण.” मी वाद घातला नाही. काचेचे दोन ग्लास पाण्यानं भरून त्यांच्या ओट्यावर ठेवले. एकात त्यांच्या मिरचीच्या वाफ्यातलं वाळलेलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात त्यांच्याच बांधावरचं, गवताच्या मुळ्यांसकट. वाफ्यातल्या ढेकळातून बुडबुडे निघाले, कडा सुटल्या आणि चहा उकळायच्या आत ग्लासच्या तळाला गाळ बसला. पाणी गढूळ. बांधावरचं ढेकूळ तसंच. मामांनी ते बोटानं ढोसून पाहिलं. “कामून फुटंना हे?” मग सांगता आलं, की बांधाला नांगर लागत नाही, मुळ्या आणि कुजलेला पाला मातीचे कण धरून ठेवतात. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन, हा शब्द मी शेवटी काढला. त्यांच्या वाफ्याचा अहवाल आला तो ०.४० टक्क्यांच्या आत, म्हणजे कमी.

मिरचीचा पिवळेपणा हा इथला कायमचा विषय. आमच्या बऱ्याच जमिनीत चुना आहे. प्रशिक्षणात सरांनी ढेकळावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले तर माती सोड्यासारखी फसफसली. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला : पानं पिवळी आहेत, नत्र कमी की लोह? मी म्हटलं, आधी विचारीन पिवळी कोणती, शेंड्याची का बुडाची. बुडाची जुनी पानं पिवळी तर नत्र. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या तर लोह. हिराकस, म्हणजे लोहाचं साधं खत, नुसतं जमिनीत टाकून उपयोग नाही, चुना ते धरून बसतो, कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यायचं. चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनानं धरून ठेवलेलं लोह, जमिनीतून द्यायचं तर डब्यावर त्या रसायनाचं नाव ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्यायचं, चुनखडीत ईडीटीए हा दुसरा प्रकार टिकत नाही. पास झाले.

आता शेणखताचं. हेक्टरी २५ टन म्हटलं की लोक हसतात. गुंठ्याला ते अडीचशे किलो पडतं, दहा गुंठ्यांना एक ट्रॉली. तेवढंही कुठून आणायचं? दुष्काळात जनावरं विकली ती परत आली नाहीत, आणि जे शेण आहे त्याच्या गोवऱ्या होतात. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून जमिनीत गाडा, असं पुस्तक सांगतं, पण मिरचीची लागवड मेमध्येच होते. तागाला त्याआधी दीड महिना जमीन आणि ऐन उन्हाळ्यात पाणी कोण देणार? त्यापेक्षा बांधावर गिरिपुष्पाची झाडं लावा आणि त्याचा पाला छाटून वाफ्यात टाका, हे आमच्याकडं चालतं. जागा जात नाही आणि पाणीही वेगळं लागत नाही.

दुकानदार गोणी फोडून देत नाही, म्हणून गटातल्या चौघींनी मिळून डीएपीची एक गोणी घेतली आणि ताणकाट्यावर वाटून नेली. मामांनी ते पाहिलं आणि यंदा निम्मीच गोणी टाकली, उरलेली भावाला दिली. अकरा किलोवर यायला त्यांना अजून एखादा हंगाम लागेल.