केटी ग्वे: आधी स्टिक, मग शिट्टी

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची केटी ग्वे ब्राउन विद्यापीठाकडून आइस हॉकी खेळली आणि पुढे दंडावर नारिंगी पट्टा बांधून रेफरी झाली. २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये ती महिलांच्या सामन्यांना होती. ऑक्टोबर २०२१मध्ये एएचएल या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये रेफरी म्हणून उतरलेली पहिली महिला तीच.

महिलांच्या सामन्यांतून पुरुषांच्या सामन्यात येणं वाटतं तितकं सोपं नाही. तिथे बॉडी चेक, म्हणजे अंगाने धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला अडवणं, नियमात बसतो, त्यामुळे प्रत्येक धडकेला क्षणात निवाडा: ज्याला धडक बसली त्याच्याकडे पक (खेळायची रबरी चकती) होता का, धक्का मागून बसला का, कोपर वर आलं का? साधी चूक असेल तर २ मिनिटं बाहेर, गंभीर असेल तर ५.

नवखे रेफरी गडबडतात ते शिट्टीत. फाउल दिसला की हात लगेच वर, पण शिट्टी मात्र चूक करणाऱ्या संघाच्या ताब्यात पक आल्यावरच. आधी फुंकली तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच चढाई मोडते! समोरच्यांच्या ताब्यात पक येताच खेळ थांबणार, म्हणून तर अन्याय झालेला संघ तेवढ्यात गोलकीपर बाहेर बोलावून जादा खेळाडू बिनधास्त उतरवतो.