पाकिटात बाराशे रुपये, पण सुटे

सकाळी सात वाजता एटीएममधून हजार रुपये काढले की बहुतेक वेळा हाती येतात पाचशेच्या दोन बंद्या नोटा. बाहेर येऊन रिक्षा केली, भाडं झालं २६ रुपये, आणि रिक्षावाल्याची अजून भवानीही झालेली नसते. मोबाइलला रेंज आहे तोवर सगळं ठीक. ती गेली की खिशात हजार रुपये असूनही २६ रुपये देता येत नाहीत. म्हणून रोख किती बाळगावी असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, मोड किती आहे?

चलनातल्या नोटांच्या एकूण मूल्यात एकट्या पाचशेच्या नोटेचा वाटा सुमारे ८६ टक्के आहे. दुसरीकडे दहा, वीस, चाळीस रुपयांचे व्यवहार यूपीआयवर गेले. पूर्वी भाजीवालीकडे दिवसभर दहा-वीसच्या नोटा यायच्या आणि त्याच पुढच्या गिऱ्हाइकाला परत जायच्या. आता पैसे स्कॅन करून थेट खात्यात जातात, तिच्या गोणपाटाखाली चिल्लर साठतच नाही. ती ‘सुटे नाहीत’ म्हणते तेव्हा खरंच नसतात. तेव्हा रोख द्यायची असेल तर सुटे आपणच न्यायचे, हे आता गृहीत धरायला हवं.

शहरात रोजच्या जाण्यायेण्याला १२०० रुपये पुरतात. त्यांची फोड अशी करा: पाचशेची एक, शंभराच्या चार, पन्नासच्या दोन, वीसच्या पाच, दहाच्या पाच, आणि नाण्यांत दहाची तीन, पाचची चार. पाचशेची नोट अडीअडचणीसाठी. ती पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घडी करून ठेवायची आणि चहा-वडापावला मोडायची नाही. खरं काम वीसच्या नोटा करतात. पार्किंगची पावती, गिरणीतलं दळण, लिंबू-कोथिंबीर, शेअर रिक्षा, सगळं त्यांच्यावर निभतं. संध्याकाळी घरी आल्यावर वीसच्या दोनच उरल्या असतील तर त्याच दिवशी भर घाला, सकाळच्या घाईत ते जमत नाही.

सुटे मिळवायचे कुठून? एटीएमवर हजार किंवा दोन हजार टाकू नका, ९०० किंवा १९०० टाका. मशीनला चारशे रुपये शंभर-दोनशेच्या नोटांत द्यावेच लागतात. तशा नोटा नसतील तर ते रक्कम नाकारतं. मग पुढचं एटीएम. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की सप्टेंबर २०२५ अखेर ७५ टक्के आणि मार्च २०२६ अखेर ९० टक्के एटीएममध्ये निदान एका कप्प्यातून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत. दुसऱ्या बँकेचं एटीएम वापरताना मोजून वापरा: बचत खात्याला मुंबईत महिन्याला तीन व्यवहार फुकट, पुण्या-नाशकात पाच, कारण या नियमापुरती महानगरं सहाच आणि त्यांत पुणं नाही. नुसती शिल्लक पाहिली तरी एक व्यवहार मोजला जातो. पुढच्या प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आकार आणि वर कर. दहा-वीसच्या नोटा मात्र बँकेच्या काउंटरवरच. दहाचं पुडकं शंभर नोटांचं, म्हणजे हजार रुपयांचं. दोन शेजाऱ्यांनी मिळून एक घेतलं तरी बरेच दिवस जातात.

यूपीआय अडतं कशामुळे, तेही नीट माहीत हवं. दरवेळी रेंजच नसते असं नाही. कधी आपल्या बँकेचा सर्व्हर अडलेला असतो, कधी समोरच्याच्या. नवीन फोन घेतला किंवा सिम बदललं की पहिले २४ तास साधारण पाच हजारांचीच मर्यादा असते, आणि ॲप नव्याने सुरू करायला त्याच सिमवरून एसएमएस जावा लागतो. रिचार्ज संपला असेल तर तो जात नाही आणि गाडी तिथेच अडते. मार्च-एप्रिल २०२५ मध्ये तर यूपीआय देशभर काही तास रखडलं होतं. यावर दोन उपाय घरबसल्या करून ठेवता येतात. एक, यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे ॲपमधल्याच छोट्या रकमांच्या पाकिटात, हजार-दोन हजार भरून ठेवणं. कमाल पाच हजार ठेवता येतात, एका वेळी हजारापर्यंत पिनशिवाय जातात, आणि त्या क्षणी आपल्या बँकेच्या सर्व्हरवर काम अडत नाही. इंटरनेट मात्र लागतं. दुसरा, *९९# ही सेवा: इंटरनेट नको, साधी रेंज पुरते, मराठीतही चालते, मर्यादा पाच हजारांची. पण तिची नोंदणी आधीच करून ठेवायची. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत विचारतात, ते टपरीसमोर उभं राहून शोधायचं काम नव्हे.

खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराच्या स्पीकरवर आवाजच आला नाही, तर लगेच पुन्हा स्कॅन करू नका. रोख द्या, पावतीचा फोटो घ्या, निघा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यक्तीला पाठवलेले अडकलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानात दिलेले पाच दिवसांत परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. नोटा बाहेर न येता खातं वजा झालं तर एटीएमलाही तेच पाच दिवस. मागायला लाजू नका.

प्रवासाचा हिशेब वेगळा. परतीचं सगळ्यांचं भाडं, एक जेवण आणि एका रात्रीचा मुक्काम, एवढी रोख हवी. चौघांच्या घराला ती चार ते सहा हजारांच्या घरात जाते. एसटीत कंडक्टरच्या मशीनवर क्यूआर असतो, पण घाटात रेंज गेली की तोही आणि आपणही अडतो. कंडक्टरने बाकी तिकिटामागे लिहून दिली तर तिकीट मुठीत चुरगाळू नका. उतरताना तेच दाखवायचं असतं. पैसे तीन जागी वाटून ठेवा: पाकीट, आतला खिसा, बरोबरच्याची पर्स. मोबाइलच्या कव्हरमागे पाचशेची नोट खोचायची सवय मला मुळीच पटत नाही. फोन गेला की यूपीआय आणि रोख एकदमच गेले. गाडीने जाणाऱ्यांनी फास्टॅगची शिल्लक आदल्या रात्री बघावी. राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट टोल, यूपीआयने सव्वापट, असा नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आला: १०० चे रोखीत २००, यूपीआयवर १२५. इथे खिशात रोकड असूनही फोन पुढे करावा.

घरात किती ठेवावी? कोकणात किंवा नदीकाठी राहत असाल तर पावसाळ्यात आठवड्याच्या खर्चाइतकी, म्हणजे पाच ते दहा हजार. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे टॉवर नाही, एटीएम नाही. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात एसटी आगाराचे व्यवस्थापक सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते. नोटा झिपच्या प्लास्टिक पिशवीत, वरच्या फळीवर ठेवा. रबर लावू नका. दमट हवेत ते वितळतं आणि नोटेला चिकटतं. कागदाची पट्टी गुंडाळा. नोटा भिजल्याच तर त्यांचा कागद कापसाचा असतो, सहज फाटत नाही, पण घाई केली तर फाटतो. ओल्या असतानाच कडेपासून हळू सुट्या करा, सुती कापडावर पंख्याखाली पसरा. वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. इस्त्रीही नको. फाटली तरी टाकू नका: पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा तुकडा असेल तर बँक पूर्ण पैसे देते, ४० ते ८० टक्क्यांना निम्मे. वीसपर्यंतच्या नोटेला निम्म्याहून जास्त भाग असला की पूर्ण.

मोठी रक्कम नेताना दोनच आकडे ध्यानात ठेवा. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी दोन लाख वा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. आणि आचारसंहितेच्या काळात ५० हजारांवर रोख असेल तर बँकेतून काढल्याची पावती जवळ हवी, नाहीतर नाक्यावर जप्त होऊ शकते.

राहिली नाणी. ओटीत, विड्यावर, आहेराच्या ५०१ मध्ये तो एक रुपया अजून लागतोच आणि नेमका पूजा मांडल्यावर घरात सापडत नाही. रुपयाची पंचवीस-तीस नाणी एका डबीत देव्हाऱ्याजवळ वेगळी ठेवा, गुरुजींच्या यादीतलं सुट्या पैशांचं कलम तिथेच भागतं. दहाचं नाणं कुणी ‘चालत नाही’ म्हणून परत केलं तर १४४४० हा नंबर लावा. फोन कट होऊन उलट फोन येतो आणि दहाच्या नाण्याच्या सगळ्या नक्षी चालतात हे रिझर्व्ह बँकेकडूनच ऐकायला मिळतं. स्पीकर चालू करून ऐकवा.