हार्फर्ड रोडवरून निघालेल्या लढाया

अमेरिकेत जुना बोर्ड गेम घेतला की खोक्याच्या तळाशी, नियमांच्या पुस्तिकेखाली, बऱ्याचदा एक घडी घातलेला कागद सापडतो. कंपनीचा कॅटलॉग. बहुतेक लोक तो उघडूनही बघत नाहीत. मला मात्र हल्ली खेळाइतकंच त्या कॅटलॉगांचं वेड लागलंय, आणि तेही लढायांचे खेळ काढणाऱ्या एकाच कंपनीच्या, अ‍ॅव्हलॉन हिलच्या. तिकडे भारतात हे नाव फार जणांनी ऐकलं नसणार, आपल्याकडे बोर्ड गेम म्हणजे व्यापार, सापशिडी, कॅरम, फार तर स्क्रॅबल. पण इकडे साठी ओलांडलेल्या एखाद्या इतिहासवेड्या माणसासमोर हे नाव काढून बघा, तो हातातलं काम बाजूला ठेवून बोलायला लागतो.

आणि ही कंपनी आमच्या इथलीच हो! मी बाल्टिमोरजवळच्या एलिकॉट सिटीत राहते, शेजारचं गाव कॅटन्सव्हिल. तिथे चार्ल्स रॉबर्ट्स नावाच्या तरुणाने १९५२ च्या सुमारास सैन्यात अधिकारी म्हणून जायच्या आधी डोक्याला सराव हवा म्हणून स्वतःपुरता एक खेळ बनवला, दोन काल्पनिक देश, त्यांचं सैन्य, रस्ते, डोंगर, नद्या. नाव टॅक्टिक्स. १९५४ पासून तो टपालाने विकायला लागला, चार वर्षांत साधारण दोन हजार खोके गेले. घरबसल्या केलेल्या उद्योगाला ते बरंच होतं, म्हणून १९५८ मध्ये त्याने रीतसर कंपनी काढली आणि राहत्या भागाच्या नावावरून तिचं नाव ठेवलं अ‍ॅव्हलॉन हिल. त्याच वर्षी आला गेटिसबर्ग. खऱ्या, इतिहासात घडलेल्या लढाईवरचा आधुनिक पद्धतीचा पहिला वॉरगेम म्हणून तो ओळखला जातो.

गेटिसबर्गचं मैदान आमच्या घरापासून गाडीने तासा-सव्वातासावर आहे. भारतातून कोणी आलं की वॉशिंग्टन, नायगारा झाल्यावर मी त्यांना तिथे नेतेच. पण खरं सांगायचं तर हा खेळ खेळायच्या आधी मला ते मैदान म्हणजे नुसते पुतळे, तोफा आणि गवत दिसायचं. १८६३ च्या जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत, अमेरिकेच्या यादवी युद्धात, तिथे कुठली तुकडी कुठल्या रस्त्याने किती वाजता पोचली हे त्या खेळाच्या तक्त्यात लिहिलेलं आहे, सोंगट्या त्याच रस्त्यांवरून पटावर येतात, आणि मग तुमच्या लक्षात येतं की सगळे रस्ते त्या एका छोट्या गावात येऊन मिळतात म्हणून तर लढाई तिथे झाली! टेकडी आधी कोणी धरली, पाठीमागून येणारी कुमक दोन तास उशिरा आली तर काय, हे सगळं हाताने सोंगटी सरकवताना जसं कळतं तसं दहा पाट्या वाचून मला कळलं नव्हतं.

कॅटलॉग वर्षांप्रमाणे लावून बघितले की एक मोठी गंमत दिसते, ह्या माणसांनी एक अख्खी पद्धत डोळ्यांदेखत घडवत नेली. सुरुवातीचे पट चौकोनी घरांचे. पण चौकोनात तिरकं गेलं की अंतर जवळजवळ दीडपट होतं आणि चाल मात्र एकच मोजली जाते. १९६१ पासून षटकोनी घरं आली, मधमाशीच्या पोळ्यासारखी, म्हणजे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर. रँड ह्या संशोधन संस्थेत अशी जाळी वापरताहेत असा फोटो रॉबर्ट्सने पाहिला होता आणि तिथून ती उचलली. आज जगभरात वॉरगेम म्हटलं की हेक्स, म्हणजे ही षटकोनी घरंच, डोळ्यांसमोर येतात ते ह्यामुळे.

दुसरी गोष्ट म्हणजे निकालाचा तक्ता. तुमची ताकद भागिले समोरच्याची ताकद, मग फासा टाकायचा आणि तक्त्यात बघायचं. जुन्या खेळांत दोनास एक असा हल्ला केला तरी तुमचीच तुकडी नष्ट व्हायचा धोका शिल्लक असतो, तीनास एक झाला की तो धोका जातो. त्यामुळे सगळा खेळ त्या तीनास एकच्या शोधात फिरतो. मग ती जास्तीची ताकद आणायची कुठून, तर दुसरीकडची आघाडी पातळ करून. तिथे एखादी दुबळी तुकडी मुद्दाम हरणाऱ्या हल्ल्यात ढकलायची, शत्रूला गुंतवून ठेवायला. ह्याला सोक-ऑफ म्हणतात. पहिल्यांदा मी अशी तुकडी ढकलली तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण पुठ्ठ्याचा अर्ध्या इंचाचा तुकडा असला तरी त्यावर खऱ्या रेजिमेंटचा नंबर छापलेला असतो.

साठच्या दशकातले कॅटलॉग म्हणजे माझ्या मते ह्या कंपनीचा सुवर्णकाळ. १९६२ चा, जर्मन युद्धनौकेच्या शोधावरचा बिस्मार्क, त्यात समोरच्याचं जहाज दिसतच नाही, दोघांकडे वेगवेगळे पट आणि समुद्राचा एकेक भाग पुकारून शोधायचं. १९६३ चा स्टालिनग्राड, नाव एका शहराचं पण पटावर जवळजवळ सगळी रशियन आघाडी. १९६४ मध्ये आफ्रिका कोअर आणि मिडवे, १९६५ मध्ये बॅटल ऑफ द बल्ज. मिडवेसाठी सल्लागार कोण, तर अमेरिका-जपानच्या त्या समुद्री लढाईत एंटरप्राइज जहाजावरच्या विमानांचं नेतृत्व केलेले वेड मॅकक्लस्की स्वतः! आणि बल्जसाठी जनरल मॅकॉलिफ, बेल्जियममधल्या बास्टोनला वेढ्यात अडकलेले असताना शरण या म्हणणाऱ्या जर्मनांना ज्यांनी ‘नट्स’ एवढं एकच उत्तर पाठवलं ते. लढून आलेली माणसं अजून हिंडती-फिरती होती तेव्हा हे खेळ निघाले.

उत्तर आफ्रिकेतल्या जर्मन सैन्यावरचा आफ्रिका कोअर हा माझा सगळ्यात लाडका, आणि तो रसदीमुळे. जर्मन सेनापती रोमेलची सोंगटी आहे, रणगाडे जबरदस्त आहेत, पण हल्ला करायचा तर जवळ रसदीची सोंगटी हवी, ती वापरली जाते, आणि नवी येणार की भूमध्य समुद्रात बुडणार हे फासा ठरवतो. तुम्ही ब्रिटिशांच्या टोब्रुक बंदरासमोर उभे, सगळं जुळून आलंय, आणि रसद नाही. दोन खेळ्या नुसतं बसून राहायचं. हे अनुभवल्यावर पानिपताबद्दल लहानपणापासून ऐकलेलं ‘रसद तुटली’ हे वाक्य मला पहिल्यांदा खरोखर टोचलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती सांगायलाच हवी. आफ्रिका कोअर, पँझरब्लिट्झ, लुफ्तवाफ, ही नावं बघा. कॅटलॉगमध्ये जर्मन सैन्याचं कौतुक फार आहे, त्यांची यंत्रं, त्यांचा वेग, आणि त्या सैन्यामागून काय आलं, रशियात नि पोलंडात माणसांचं काय झालं, ते पटावर कुठेच नाही. खेळ आहे, त्यात सगळं कसं येणार, हे मला समजतं. पण ज्या घरात हे खोके उघडतात तिथल्या मुलांना बाकीचं पण कोणीतरी सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि आपली माणसं? १९६९ चा अँझिओ घ्या. नाव एका किनाऱ्याचं असलं तरी विषय इटलीच्या अख्ख्या मोहिमेचा आहे, लांबुळका पट, इटलीच्या पायापासून वरपर्यंत. ह्याच मोहिमेत मराठा लाइट इन्फंट्री लढली. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशिनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले, त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मारले गेले होते किंवा जखमी झाले होते. ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात त्यांचा पुतळा आहे, मुंबई-गोवा रस्त्याने जाताना कितीतरी वेळा आम्ही तिथे चहाला थांबलोय. तो पट मी पहिल्यांदा टेबलावर पसरला तेव्हा डाव सुरू करायच्या आधी टायबरचं खोरं शोधलं, बोट ठेवलं, आणि समोर बसलेल्या, आमच्या खेळायच्या ग्रुपमधल्या आजोबांना घाडग्यांची सगळी गोष्ट सांगितली. चाळीस वर्षं तो खेळ खेळत आलेला माणूस, त्यांनी ती कधीच ऐकली नव्हती. त्यांनी नाव लिहून घेतलं.

ह्या आजोबा मंडळींकडून मला सगळ्यात जास्त काय मिळालं असेल तर ‘जनरल’ ह्या मासिकाच्या गोष्टी. १९६४ ते १९९८ कंपनी ते काढत होती. त्यात डावपेचांवर लांबलचक लेख, आणि ‘ऑपोनंट्स वॉन्टेड’ म्हणून छोट्या जाहिराती, म्हणजे खेळायला कोणीतरी हवंय! कुठल्या तरी आडगावातला सोळा वर्षांचा मुलगा, घरात कोणाला ह्यात रस नाही, तो जाहिरात द्यायचा आणि हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाशी टपालाने डाव मांडायचा. मग फासा कोणी टाकायचा, खोटं बोललं तर? त्यावर उपाय असा, पत्रात आधीच लिहायचं की अमुक तारखेला अमुक कंपनीच्या शेअर्सच्या विक्रीचा जो आकडा पेपरात येईल त्याचा शेवटचा अंक धरायचा. दोघंही आपापल्या गावी पेपर उघडून शेअर बाजाराचं पान बघायचे आणि स्टालिनग्राडचं काय झालं ते कळायचं. एकेक डाव वर्षभर चालायचा. आमच्या ग्रुपमधल्या दोघांची मैत्री अशाच पत्रांतून सुरू झालेली आहे आणि आजही ते दर आठवड्याला भेटतात.

कंपनीचा प्रवास तसा खडतरच. १९६३ च्या शेवटी कर्ज एवढं झालं की रॉबर्ट्स बाहेर पडला आणि ज्यांचे पैसे थकले होते त्या छपाईवाल्यांनीच ती चालवायला घेतली. त्यांच्याकडे छापखाना होता म्हणून कंपनी जगली, वाढली, बाल्टिमोरच्या हार्फर्ड रोडवरचा पत्ता पुढे जगभरच्या खेळाडूंना पाठ झाला. रॉबर्ट्सने नंतर रेल्वेच्या इतिहासावर पुस्तकं काढली, २०१० मध्ये तो गेला. १९७५ मध्ये ओरिजिन्स हे वॉरगेम खेळणाऱ्यांचं संमेलन पहिल्यांदा भरलं ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आवारात, जिथून मी कामावर जाता-येता जाते. तिथे कुठे पाटी नाही, असायला हवी.

सत्तर-ऐंशीच्या दशकातले कॅटलॉग जाडजूड होत गेले आणि त्यात युद्ध सोडून बरंच काही आलं. हॉटेलांच्या शेअर्सचा अ‍ॅक्वायर, फासाच नसलेला आणि नुसत्या बोलणी-दगाबाजीवर चालणारा डिप्लोमसी, सिव्हिलायझेशन, आणि १९७२ चा आउटडोअर सर्व्हायव्हल, ज्याचा पट पुढे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा भूमिका घेऊन खेळायचा खेळ निघाल्यावर लोकांनी जंगलाचा नकाशा म्हणून वापरला. १९८६ मध्ये निघालेला ‘१८३०’ हा रेल्वे कंपन्यांचा खेळ तर आमच्या गावचाच म्हणायला हवा, १८३० सालीच बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे धावायला लागली ती एलिकॉट्स मिल्सपर्यंत, म्हणजे आजच्या एलिकॉट सिटीपर्यंत, आणि ते दगडी स्टेशन अजून उभं आहे. १९७७ च्या स्क्वॉड लीडरवर इथली मंडळी जीव टाकतात, १९८५ मध्ये त्याची अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्ती आली तिचे नियम रिंगच्या फाइलमध्ये, नवीन पानं आली की जोडत जायचं. मला तो प्रकार पेलत नाही. इतके नियम झाले की इतिहास मागे पडतो आणि नियमच खेळत बसतो आपण, असं माझं मत आहे, आणि ह्यावरून ग्रुपमध्ये माझं भांडण चालूच असतं.

१९९८ मध्ये हॅस्ब्रो ह्या खेळण्यांच्या मोठ्या कंपनीने साठ लाख डॉलर्सला सगळं विकत घेतलं, बाल्टिमोरचं काम बंद झालं, ‘जनरल’ही. नाव अजून खोक्यांवर दिसतं, पण हेक्स आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचे ते खेळ आता दुसऱ्या छोट्या कंपन्या आणि जुन्या खोक्यांचे बाजारच जिवंत ठेवतायत.

तिकडे कोणाला खेळून बघायचं असेल तर जड खोके मागवायची गरज नाही, व्हॅसल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यावर ह्यातले बरेच पट मिळतात आणि दोघं दोन देशांत बसून खेळता येतं. सुरुवात मिडवे किंवा आफ्रिका कोअरने करा, स्क्वॉड लीडरने नको. आणि समोर कोणी नसेल तर मला लिहा, वेळेचं जुळवून घेऊ, शनिवारी सकाळी माझी तयारी असते. मी शक्यतो ब्रिटिशांची बाजू घेते, टोब्रुक सांभाळायला.